बांधावरची रांग

आमच्या मोजणी ऑफिसातले आबा टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायचे. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा पडद्यावर चार माणसं हातवारे करून भांडत होती आणि आबा जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात शेंगांचं ताट घेऊन, कबड्डीचा सामना बघावा तसे रंगून गेले होते. मला वाटलं रिमोट बिघडलाय. मी आगाऊपणे आवाज वाढवायला गेले, तर आतून काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई. आमच्यात तीस वर्सं मुकाच टीव्ही हाय. मालिकासुदीक मुकी बघत्यात, आन् कोण कुणाला फसवणार ते मला आदीच सांगत्यात. बरं, खरं निघतं, ह्येचा जास्त राग येतो."

आबांनी आख्खा पंजा पडद्याकडे केला. "ह्यो डावीकडचा बगा. आवाज असता तर तुमी म्हणला असता ह्योच जिंकला. पर खुर्चीचा हात कसा आवळून धरलाय. ह्यो भ्यालाय."

तेव्हा मला हे सगळं विक्षिप्तपणाचं वाटलं. वयानं माणूस असा होत असेल, असं म्हणून मी शेंगा खाल्ल्या आणि घरी आले.

भूकरमापक हे आमच्या हुद्द्याचं सरकारी नाव. लोक सरळ मोजणीवाले म्हणतात. काम सांगायला सोपं आहे. दोन रानांमधली हद्द नकाशाप्रमाणे कुठून जाते ते जागेवर दाखवायचं, चुन्याच्या खुणा करायच्या, दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या आणि परत यायचं. पण मोजणी मागतो तोच, ज्याचं शेजाऱ्याशी बोलणं बंद झालेलं असतं, आणि आमच्या भागात रानाचा शेजारी म्हणजे बहुतेक वेळा भाऊच. त्यामुळे आम्ही जिथे जातो तिथे भांडण आमच्या आधी जाऊन बसलेलं असतं.

मी भवानीनगरची. वडील कारखान्यात नोकरीला होते, घर कॉलनीत. सिव्हिलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात झालेला आणि राग कायम नाकावर. काठीवर बसवलेलं, उपग्रहावरून जागा सांगणारं रोव्हर नावाचं यंत्र तेव्हा नुकतंच आलं होतं. ते ऑफिसात सगळ्यात चांगलं मला यायचं आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. आबांची रिटायरमेंट जवळ आली होती. बुटके, टक्कल पडलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी मोजणीच्या लोखंडी साखळीपासून सुरुवात केलेली, पण रोव्हरही ते निमूट शिकले होते. म्हणायचे, "यंत्र चांगलं हाय. हद्द कुठं हाय ते दावतं. ती हद्द कोण ऱ्हाऊ देणार, ते मातर आपल्यालाच बगाया लागतं."

त्यांच्या तऱ्हा ऑफिसात चेष्टेचा विषय होत्या. आबा कधी कुणाकडे बोट करत नसत. फाईल दाखवायची असो की चहावाल्याला हाक मारायची असो, पूर्ण पंजा उघडा करून, वाढायला हात पुढे करावा तसा. मोजणीला ते स्वतःच्या मोपेडवर जायचे, गाडी सरकारी रस्त्यावर लावायचे आणि तिथून चालत. सह्या होईपर्यंत पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. सह्या झाल्या की मग दोन्ही घरांत अर्धा-अर्धा कप चहा, अगदी मापात. रानात शिरताना चपला काढून हातात घ्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "अनवाणी मानसाला कोण भीत न्हाय."

कामाचा दिवस लवकर संपला तर बारामतीच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचे, गाडी पकडायची नसताना. खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून माणसं भांडतात ना, ते बघायला. मला एकदा त्यांनी सोबत बसवलं. दोन माणसं दारात एकमेकांवर ओरडत होती. एक नुसता धिप्पाड, दुसरा काटकुळा. मी म्हटलं, आता हा धिप्पाड त्याला मारणार. आबा म्हणाले, "त्येच्या तोंडाकडं कशाला बघता? पायाकडं बगा. तोंड एकीकडं आन् पाय गाडीकडं. त्येला घरी जायाचं हाय. त्यो बारका बगा, टाचा उचलल्यात त्येनं." आणि खरंच, पहिला हात त्या काटकुळ्यानं उचलला.

साहेबांची गोष्ट तर ऑफिसात अजून सांगतात. आमचे तेव्हाचे साहेब सहा फूट उंच. कुठल्याशा राहिलेल्या कामावरून ते उभे राहून आबांवर बरसत होते आणि आम्ही सगळे टेबलांमागे माना घालून बसलो होतो. आबा "व्हय सायेब" म्हणत खाली वाकले आणि चपलेचा अंगठा नीट करू लागले. तो काही केल्या नीट होईना. साहेबांना आबांच्या टकलाशी बोलावं लागत होतं. मिनिटभर ते बोलले, मग आवाज उतरला, मग ते खुर्चीत बसले. ते बसल्याबरोबर आबा सरळ झाले, समोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हां, आता सांगा सायेब." नंतर मला म्हणाले, "टकलावर किती येळ वरडणार मानूस?"

रानात आरडाओरडा सुरू झाला की ते हेच करायचे. सरळ ढेकळात उकिडवे बसायचे आणि हातात गवताची काडी घ्यायचे. उभ्या माणसाला खाली बघून फार वेळ ओरडता येत नाही, मान अवघडते. मग तोही बसतो. मोपेडच्या डिकीत त्यांनी दोन बारदानं घडी करून ठेवलेली असायची. ती दोघा भांडणाऱ्यांसाठी. पण समोरासमोर कधी अंथरायचे नाहीत. शेजारी शेजारी, दोन्हींची तोंडं रानाकडे. "एकमेकाकडं बघायचं न्हाय, पिकाकडं बघून बोला," हा हुकूम. पिकाकडे बघून शिवी देणं जमत नाही म्हणे.

आणि सगळ्यात शेवटी रांग. हा त्यांचा नेम. यंत्रानं बिंदू घेऊन झाले की खुणा करण्याआधी ते दोन्ही बाजूंना हद्दीवरून चालवायचे. बांध असतो हातभर रुंद. त्यावरून दोघं शेजारी चालू शकत नाहीत, एकामागून एकच जावं लागतं. जो जास्त ओरडत असेल त्याला मागे घालायचे. आबांचं म्हणणं असं की भांडणारी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं फक्त तोंड बघत असतात, आणि तेही ओरडतानाचं. पाठ कुणी बघितलेलीच नसते. "पाठीला आव आणता येत न्हाय, मॅडम. मानूस मागनं हाय तेवडाच दिसतो."

इंदापूरच्या बाजूला एका मोजणीत मी हे स्वतः पाहिलं. दोन चुलतभाऊ, चार वर्षं अबोला. रांगेत मागे चालणारा निम्म्या बांधापर्यंत पुटपुटत होता. मग गप्प झाला. शेवटच्या खुणेपाशी त्यानं पुढच्याला विचारलं, "मणका दुखतो का रं तुजा?"

"दोन वर्सं झाली," पुढचा म्हणाला, मागे न बघता.

सह्या झाल्या. मी तरीही मनात म्हटलं, योगायोग. माझ्या डोक्यात तेव्हा यंत्राशिवाय काही शिरत नव्हतं.

मग कन्हेरीच्या अलीकडची ती मोजणी माझ्या वाट्याला आली. माझी पहिली, एकटीची.

दोन सख्खे भाऊ. थोरला साठीचा, धाकटा पन्नाशीला टेकलेला. वडील धाकटा सात वर्षांचा असताना गेले, थोरल्यानं त्याला वाढवलं. वाटण्या झाल्यावर थोरल्याचं रान मागे गेलं आणि धाकट्याचं रस्त्याला लागून आलं. थोरल्याची वाट धाकट्याच्या बांधाकडेनं जायची. थोरला म्हणायचा, वाट माझ्या हद्दीत आहे. धाकटा म्हणायचा, माझ्या. थोरल्याचा तीन एकर ऊस तोडणीला आलेला आणि तोडणीची टोळी पुढच्या सोमवारी यायची होती. ट्रॅक्टर बाहेर पडायला तेवढी एकच वाट. टोळी एकदा दुसऱ्याच्या फडात गेली की परत कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही आणि उभा ऊस वाळत जातो. म्हणून त्यानं मोजणी मागवली होती.

मी गेले ती थोरल्याच्या गाडीतून, कारण त्यानं पाठवली. उन्हाचा गॉगल लावला. बांधावर हाताची घडी घालून उभी राहिले. धाकटा समोरून आला आणि साधेपणानं विचारलं, "मॅडम, यंत्र कुठनं लावणार?" मी त्याच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "तिथून. बाजूला व्हा."

त्यानं माझ्या बोटाकडे बघितलं. मग रोव्हरची काठी उचलली, उसात आडवी ठेवली आणि काठी होती त्याच जागेवर फतकल मारून बसला. "मोजा आता," म्हणाला. मी ओरडले. नियम सांगितला, कलम सांगितलं. तो हलला नाही. शेवटी कागदावर "मोजणीस हरकत" असं लिहून मी परत आले, थोरल्याच्याच गाडीतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यानं वाटेवर आडवा चर खणला, गुडघाभर खोल. ते सांगायला थोरला ऑफिसात आला. चिडलेला नव्हता, ते जास्त लागलं. म्हणाला, "मॅडम, तुमी यायच्या आदी निदान वाट तरी हुती."

तो गेल्यावर आबांनी दोन टेबलं सरकवून मधे हातभर जागा केली. "ह्यो बांध. दावा कुठं उभ्या हुता."

मी दाखवलं.

"कुठल्या बाजूनं आला?"

"थोरल्यांच्या."

"गाडी कुणाची?"

"त्यांचीच."

"म्होरं बसला का मागं?"

"पुढे."

"च्या?"

"घेतला."

"कितींदा?"

"दोनदा."

"मग मोजणी तितंच झाली की. यंत्र कशाला काढलं?"

मग ते त्या बांधाच्या पलीकडे उकिडवे बसले आणि म्हणाले, आता धाकटा मी, त्याच्याशी बोलला तसं बोला. मी हाताची घडी घातली, बोट केलं, "बाजूला व्हा" म्हटलं. आबांनी छातीवर हात ठेवला. "हितं लागलं बगा." चेष्टा नव्हती त्यात. मला एकदम रडू आलं. त्या माणसाचा चर मीच खणून आले होते, हे मला तिथे त्या टेबलांच्या मधे उभं राहून कळलं. मी म्हटलं, आबा, तुम्ही याल का? ते म्हणाले, "यितो. पर मोजणी तुमीच करायची."

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. पुढे त्यांची मोपेड, मागे माझी स्कूटी. पोलीस बंदोबस्त मागितलेला होता, दोन हवालदार आले होते, साक्षीला गावातले दोन पंच होते. गाड्या रस्त्यावर लावल्या. मी गॉगल पिशवीत टाकला आणि आबांचं बघून चपला हातात घेतल्या. थोरल्याच्या घरून चहाचं बोलावणं आलं, धाकट्याच्या घरून आलं नाही. आम्ही कुणाकडेच गेलो नाही. आबांनी बारदानं अंथरली, तोंडं उसाकडे. भाऊ बसले, पण दोघंही बारदानाच्या बाहेरच्या कडेला, मधे जेवढं अंतर ठेवता येईल तेवढं ठेवून. मी जमिनीवरच बसून धाकट्याला सांगितलं की आज यंत्र कुठे कुठे लावणार आहे. पंजा उघडा ठेवून सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, पण अडवलंही नाही. दोन तासांत बिंदू घेऊन झाले.

मग आबा उठले. "चला, हद्दीवरनं फिरून यिऊ. तुमी म्होरं," थोरल्याला म्हणाले. "आन् तुमी त्येंच्या मागनं."

धाकटा जागचा हलला नाही. "मी न्हाय त्येच्या मागनं यायचा."

"का वं?"

"जलमभर त्येच्या मागनंच चाललोय."

आबांच्या नेमात हे बसत नव्हतं. त्यांनी थोरल्याला हातानं मागे घेतलं. मग म्हणाले, "बरं. मग तुमी म्होरं व्हा."

अशी रांग लागली. सगळ्यात पुढे आबा, मग धाकटा, मग थोरला, त्याच्यामागे काठी घेऊन मी, माझ्यामागे दोन पंच आणि हवालदार. डावीकडे थोरल्याचा उभा ऊस, उजवीकडे धाकट्याचं रान. पुढे बांधावर धाकट्याचं खोरं मातीत रोवून ठेवलेलं होतं, चर खणला तेव्हापासून तिथेच असावं.

थोडं चालल्यावर मला धाकट्याच्या चालण्यात काहीतरी वेगळं दिसलं. समोर उभा असताना हा माणूस छाती काढून असायचा. आता त्याचे खांदे वर, कानांच्या दिशेला गेले होते. मान आत ओढलेली. उजवा हात पुन्हा पुन्हा मानेमागे जात होता, माशी हाकलावी तसा, आणि माशी तर नव्हती. ऊन लागतंय असं मी समजले. थोरल्याची पावलं हळू पडायला लागली होती. मी दोनदा त्याच्या टाचांवर पाय देता देता थांबले.

तिसऱ्या खुणेपाशी थोरला खाकरला. घसा साफ करायला माणूस खाकरतो, तेवढंच. आणि पन्नाशीचा तो धाकटा चालता चालता चटकन खाली वाकला. डोकं वाचवायला.

दुसऱ्याच क्षणी तो सरळ झाला आणि चालू लागला. मला वाटतं त्याला स्वतःलाही ते कळलं नसावं. पण थोरला बांधावर उभा राहिला. मी त्याच्या मागे होते, मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. पाठ दिसत होती. ती पाठ मी आजही विसरले नाही. कुणी आतून आधार काढून घ्यावा तशी ती खाली आली. सात वर्षांच्या पोराला त्यानं कसं वाढवलं होतं, आणि हात उचलण्याआधी तो काय करायचा, हे त्या बांधावर कुणी तोंडानं सांगण्याची गरज उरली नाही.

"थांब," थोरला म्हणाला.

धाकटा थांबला. वळला नाही. खांदे तसेच वर.

"बाजूला हो. मी म्होरं हुतो."

धाकटा बांधाखाली स्वतःच्या रानात उतरला. थोरला पुढे गेला, मातीत रोवलेलं खोरं उपसलं आणि मागे न बघता दांडा धाकट्याच्या दिशेनं धरला. "हे हातात घे. आन् माज्या मागनं ये."

"ओ, खोरं न्हाय, खोरं ठिवा," मागून एक हवालदार म्हणाले आणि पुढे सरकले. आबांनी त्यांच्याकडे उघडा पंजा धरला, हलकेच. हवालदार थांबले. ते का थांबले हे मी पुढे त्यांना विचारलं. म्हणाले, "काय म्हाईत. हात बगितला आन् पाय उचलंना."

धाकट्यानं खोरं घेतलं. रांग पुन्हा निघाली. आता थोरला पुढे आणि त्याच्या पाठीशी, दोन हातांच्या अंतरावर, लोखंडी खोरं घेतलेला त्याचा भाऊ. थोरल्यानं दोन्ही हात मोकळे सोडले होते. टोपी काढून खिशात घातली होती. पिकलेले केस, उघडी मान. उरलेला बांध शंभर पावलांचासुद्धा नसेल, पण इतकं लांब मी कधी चालले नाही. मधे एकदा थोरल्याला पुन्हा खाकर आली. ती त्यानं दाबली. अख्खं अंग हललं त्याचं, पण आवाज येऊ दिला नाही. धाकट्याच्या हातातलं खोरं हळूहळू खाली येत गेलं, आणि चरापाशी पोहोचलो तेव्हा ते जमिनीवरून ओढत चाललं होतं.

पुष्कळ दिवसांनी मी आबांना म्हटलं, तुम्ही हे ओळखूनच धाकट्याला पुढे घातलं ना? मला ते ऐकायचं होतं. आबा बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. "न्हाय," म्हणाले. "मी चुकलो हुतो. मला वाटलं थोरल्याची पाठ बघून धाकटा निवंल. धाकट्याच्या पाठीत काय हाय ते मला ठावच न्हवतं. तीस वर्सं मानसं बगतोय, मॅडम, पर थोरल्यानं केलं ते मला कुनी सांगूनबी सुचलं नसतं." आपल्या विद्येपेक्षा दुसऱ्या कुणाला इतकं मोठं म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मला आबांचं खरं नवल त्या दिवसापासून वाटायला लागलं.

पण त्या शनिवारी अजून मोजणी माझ्यापाशी शिल्लक होती. हद्द मला सांगायची होती आणि ती मला ठाऊक झाली होती. बिंदू मी तीन वेळा तपासले होते, काही चूक निघावी म्हणून. निघाली नाही. वाट धाकट्याची होती. पूर्ण. थोरल्याची हद्द त्याच्या उसाच्या पहिल्या सरीला संपत होती. म्हणजे सोमवारी टोळी येणार आणि ट्रॅक्टर निघायला कागदानं एक फूटही जागा नाही.

मी आबांकडे बघितलं. ते बांधाकडेला बसले होते. काही खूण केली नाही त्यांनी. मी चराच्या काठावर गेले, दोघांच्या बरोबर मधे, आणि पंजा जमिनीकडे करून म्हटलं, "हद्द उसाच्या कडेनं जाते. वाट धाकट्या भावाच्या रानात आहे."

थोरला उसाकडे तोंड करून उभा होता. तो वळला नाही. "त्येची हाय तर त्येची," म्हणाला. तेवढंच. सोमवारचं काही बोलला नाही, ऊस म्हणाला नाही, मी तुला वाढवलं म्हणाला नाही. पाठ आहे तशी भावाकडे ठेवून उभा राहिला.

धाकटा चरात बघत होता. आता जिंकल्यावर त्यानं काय करावं हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि आम्ही पाच जण त्याच्या तोंडाकडे डोळे लावून उभे होतो. पंच, हवालदार, मी. त्याचा जबडा आवळला गेला. खांदे पुन्हा वर जाऊ लागले.

आबा उठले. "फिरा," आम्हाला हळूच म्हणाले. "समदी पलीकडं तोंड करा. बघाया मानसं असली की कुनालाच वाकता येत न्हाय."

आम्ही फिरलो. सरकारी कामावर असलेली मोजणीवाली बाई, दोन गणवेशातले हवालदार, दोन पंच आणि आबा, सगळे बांधावर ओळीनं, मोकळ्या रानाकडे तोंड करून. रस्त्यावरून कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. त्याच हवालदारांची मान वळायला लागली तशी आबांनी त्यांच्या कोपराला हात लावला.

मग पाठीमागून खोऱ्याचा आवाज आला. ओल्या मातीत पातं घुसल्याचा, आणि माती ओढून खाली पडल्याचा. एकदा. मग थांबून पुन्हा. मग एका लयीत. माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात वर करायची मला भीती वाटत होती, कारण मागे कुणाला काही दिसून सगळं थांबेल असं वाटत होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग खोऱ्याच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला, धप धप असा. कुणीतरी भरलेली माती पायांनी तुडवत होतं, ट्रॅक्टरचं चाक रुतू नये म्हणून.

खोरं थांबलं. धाकट्याचा आवाज आला. "हितं आजून तुडव. हितं भुसभुशीत हाय."

"व्हय," थोरला म्हणाला.